खारीचा पाय आणि पप्पांची पट्टी

खारी आता सात महिन्यांची आहे आणि तिला तीन पाय आहेत. मागचा डावा पाय नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एका मुलीनं विचारलं, "मांजराचं पिल्लू सापडलंय, पाय दुखावलाय, काय करू?" लगेच उत्तरं यायला लागली. हळद लाव. पट्टी बांध. तापाची अर्धी गोळी पाण्यातून दे. एकानं नुसते हसणारे चेहरे टाकले. मी तिला वेगळा मेसेज केला. पट्टी बांधू नकोस, गोळी देऊ नकोस, छोट्या खोक्यात ठेव आणि आजच प्राण्यांच्या डॉक्टरकडे ने. तिनं विचारलं, "तुला कसं माहीत?"

मी काहीतरी लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी "असंच" एवढंच पाठवलं. जे पुसलं ते इथं लिहिते आहे. नीट जमेल की नाही माहीत नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराशिवाय एवढं लांब कुणी कधी लिहिलेलं नाही, आणि पेपर लिहिणारीही मी पहिलीच.

बुधवार

आम्ही तळवड्यात दोन खोल्यांत राहतो. पप्पा बार्शीकडून इथं आले तेव्हा साधारण माझ्या आताच्या वयाचे होते. तेव्हापासून ते चाकणच्या एका छोट्या कंपनीत पॅकिंगला आहेत. गाड्यांचे सुटे भाग फोममध्ये गुंडाळायचे, खोक्यात बसवायचे, टेप मारायची, वरून प्लॅस्टिकची पट्टी ओढायची. खोकं तयार झालं की पप्पा ते कानाजवळ धरून हलवतात. आत खडखड झाली तर सगळं उघडून पुन्हा बांधतात. घरातसुद्धा गावाला न्यायचं लोणचं असो की माझी वह्यांची पिशवी, पप्पांनी बांधलेलं सुरीशिवाय सुटत नाही. आई म्हणते, "तुझ्या बापानं बांधलं की देवाला बी सुटायचं न्हाई."

दिवाळीनंतर कंपनीत पट्टी ओढणारी मशीन आली. तेव्हापासून पप्पा पॅकिंगमध्ये नाहीत. झाडतात, गाडी भरायला हात लावतात. घरी त्यांनी हे सांगितलं नाही. त्यांच्या हाताला खाकी टेपचा वास येईनासा झाला तेव्हा आईच्या लक्षात आलं.

त्या बुधवारी संध्याकाळी पप्पा आले आणि त्यांनी डब्याची पिशवी जमिनीवर अलगद ठेवली. आत डब्याच्या बाजूला हातरुमालात गुंडाळलेलं पिल्लू होतं. चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाचं. कंपनीत फोमच्या कचऱ्यात मांजर व्यालं होतं. मालाचा लाकडी पाट खाली ठेवताना या पिल्लाचा मागचा पाय त्याखाली सापडला. शुक्रवारी बाहेरचे साहेब तपासणीला येणार होते, म्हणून सुपरवायझर म्हणाला, "काका, ते आधी बाहेर टाका." पप्पांनी ते डब्याच्या पिशवीत टाकलं.

"गेटवर वॉचमननं पिशवी उघडली," पप्पा सांगत होते. "म्हनला, काका, ह्यो कुठला माल, ह्याचा गेटपास दावा. मी म्हनलं, रिजेक्शन हाय, घरी चाललंय."

आई हसली. पप्पाही हसले. बऱ्याच दिवसांनी. मला ते हसणं फार आवडलं, आणि पुढं जे झालं त्याला तेच कारण आहे.

पिल्लू हसण्यासारखं काही करत नव्हतं. पाय गुडघ्याखाली वाकडा लोंबत होता. जखम नव्हती, रक्त नव्हतं. हात लावला की ते ओरडायचं, आणि ओरडताना तोंड पूर्ण उघडायचं पण आवाज अगदी बारीक यायचा. आईनं बशीत दूध ठेवलं. त्यानं बशीकडे पाहिलंसुद्धा नाही.

पप्पा म्हणाले, "कंपनीतली दुखायची गोळी हाय माज्याकडं. चतकोर देऊ का?"

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. पण घरात मी सायन्सला आहे म्हणजे अर्धी डॉक्टर. कुणाला काही झालं की "कोमलला विचारा." मी फोनवर शोधलं आणि घाईनं म्हणाले, "पप्पा, नको. माणसांची गोळी मांजराला विष असते. मरेल ते."

पप्पांनी गोळी लगेच खिशात ठेवली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

गुरुवार

आमच्या भागात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. सकाळी उठले तर पप्पा आंघोळ करून, दाढी करून, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. पुढं त्यांचं सामान मांडलेलं. पांढऱ्या फोमचा तुकडा, पॅकिंगच्या प्लॅस्टिक पट्टीचे बोटाएवढे कापलेले चार तुकडे, त्यांच्या कडा काडेपेटीनं वितळवून गोल केलेल्या. कात्री. खाकी टेपचं नवं रीळ.

मी चहा घेत फोन उघडला. वाचता वाचता एका ठिकाणी आले. इंग्रजीत होतं, मी मनात मराठी करत होते. पिल्लाला छोट्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा. ऊब द्या. पाय ओढून सरळ करायला जाऊ नका. घरी पट्टी बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

"काय म्हनतंय?" पप्पांनी विचारलं.

"खोक्यात ठेवा म्हणतंय. आणि डॉक्टरकडं न्या."

"डॉक्टर काय करतील?"

"पाय बघतील. फोटो काढतील. मग..." मी थांबले. "पट्टी बांधतील."

"मग पट्टी तर मला येती की."

ते हे मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. पण ते म्हणताना ताठ बसले होते. हातांनी फोम चाचपत होते. त्यांच्या बोटांना काम मिळालं होतं. मी फोनकडे पाहिलं. ते एक वाक्य तिथंच होतं. पप्पा, इथं लिहिलंय घरी बांधू नका. सहा शब्द. गोळीच्या वेळी तोंडातून सहज निघाले होते, आता निघेनात. मला वाटलं, एवढी तयारी केलीय. मला वाटलं, त्यांच्या हातून काय वाईट होणार. मला असंही वाटलं, आणि हे लिहायला लाज वाटते, की हे इंग्रजीतलं ज्ञान मी त्यांच्या त्या मांडलेल्या सामानावर कसं टाकू.

आईनं पिल्लाला पदरात धरलं. पप्पांनी पाय दोन बोटांत घेतला, डोळे मिटले, आणि हळूच सरळ केला. ते ओरडलं, एकदाच. मग फोम, मग पट्टीचे तुकडे चारी बाजूंनी, मग टेप. टेप ताणून घेताना येतो तो चर्रर्र आवाज आमच्या घरात किती दिवसांनी आला. तीन वेढे. शेवटी पप्पांनी बोटानं पंजा हलवून पाहिला. हलला नाही.

"खडखड न्हाई," ते म्हणाले.

मला प्रॅक्टिकल होतं. मी कॉलेजला गेले.

शांत झालेलं पिल्लू

संध्याकाळी ते आईच्या हातून दूध प्यालं. शुक्रवारी भातही खाल्ला. ओरडणं कमी झालं. शनिवारी पूर्ण थांबलं. पाय तसाच काडीसारखा पसरून ते खोक्यात झोपायचं. आईनं त्याचं नाव खारी ठेवलं आणि सगळ्या चाळीला दाखवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हातात गुण हाय हो तुमच्या ह्यांच्या. दवाखाना टाका." पप्पा नको नको म्हणत होते, पण दारात उभे राहून ऐकत होते.

दुखणं थांबलं म्हणजे बरं होतंय, असं आम्हाला वाटलं. असं वाटणं किती साधं आहे. आमच्याकडे माणसांचंही तेच असतं. ओरडत नाही ना, मग ठीक आहे.

शनिवारी संध्याकाळी टेपच्या खाली डोकावणारी बोटं मला फुगलेली दिसली. मी हात लावला. गार होती. मी म्हणाले, "पप्पा, सूज वाटते."

"मार लागलाय, सूज येनारच. उतरंल."

मी पुन्हा काही म्हणाले नाही. दुसऱ्यांदा.

रविवारी ती टेप चावायला लागली. चावताना स्वतःची बोटंही चावत होती आणि तिला काहीच होत नव्हतं. सोमवारी सकाळी वास आला. आधी वाटलं तिनं कुठं घाण केली असेल. आईनं कापड बदललं, खोकं पुसलं, उदबत्ती लावली. वास उदबत्तीच्या खालून येतच राहिला. पप्पा पहिल्या शिफ्टला गेले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोमल, हे बरोबर हाय ना?"

मी वह्या काढून खारीसकट खोकं पिशवीत ठेवलं.

ब्रीडचा रकाना

आधी जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर गायींना लस टोचायला गावात गेलेले होते. तिथला माणूस चांगला होता. त्यानं खोक्यात पाहिलं, वास घेतला आणि चेहरा बदलून म्हणाला, "ताई, इथं थांबू नका. मोठ्या दवाखान्यात जावा. आत्ताच जावा."

पिंपळे गुरवला एक दवाखाना आहे असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. दोन बसा बदलून गेले. बसमध्ये शेजारची बाई उठून मागं जाऊन उभी राहिली. मी खिडकी उघडली आणि खोकं मांडीवर आणखी जवळ घेतलं. तिचं डोकं मऊ होतं आणि ती माझ्या अंगठ्याला चाटत होती.

दवाखान्यात काचेचं दार, थंड हवा, आणि रांगेत केस विंचरलेली कुत्री. हातात फॉर्म दिला. त्यात ब्रीडचा रकाना होता. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, मांजर. काउंटरवरची मुलगी हसली नाही, पण तिनं ते खोडून काहीतरी दुसरं लिहिलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खोक्याकडे पाहून आपला नंबर आम्हाला दिला. त्यांच्या कुत्र्याचा कान फाटलेला होता. थँक्यू म्हणायचं राहून गेलं.

डॉक्टर मॅडमनी कात्रीनं टेप कापायला सुरुवात केली. कात्री आत जाईना. त्यांनी दुसरी घेतली.

"हे कुणी बांधलं?"

"मी," मी म्हणाले.

"कधी?"

"गुरुवारी."

टेप निघाली. खाली जे होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. पाय काळा होता एवढंच सांगते.

"पट्टीखाली रक्तच गेलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "ती शांत झाली असेल, हो ना? पाय मेला म्हणून शांत झाली. कॉलेजला आहेस?"

"हो."

"फोन आहे ना हातात? एकदा बघायचं तरी."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी पाहिलं नव्हतं.

नंतर त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला. हाड एकाच ठिकाणी मोडलेलं होतं, पेन्सिलीनं ओढलेल्या रेघेसारखं. "एवढ्या लहान वयात हे आपोआप जुळलं असतं. तीन-चार आठवडे खोक्यात गप्प ठेवलं असतंस तर." मग जवळ जाऊन पाहिलं. "आणि गंमत म्हणजे बसवलंय मात्र अगदी सरळ. मलाही यापेक्षा सरळ जमलं नसतं."

त्यांनी दिलेल्या कागदावर मी सही केली. पाय वरून काढावा लागणार होता. भूल सहन होईल की नाही सांगता येत नाही, असंही त्यावर होतं. मालकाचं नाव या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.

पिंजरा

ती जगली. चार दिवस दवाखान्यातल्या पिंजऱ्यात होती. मी कॉलेज सुटलं की जायची. संध्याकाळी मलमपट्टी बदलायचे, मग सुई, मग ओलं खाणं. गळ्यात प्लॅस्टिकची टोपी होती, त्यामुळे तिला वाटी सापडायची नाही. ती टोपी पिंजऱ्याच्या गजांवर आपटत फिरायची. पहिल्या दिवशी उठायला गेली आणि डाव्या बाजूला पडली. पुन्हा उठली, पुन्हा त्याच बाजूला. पाय गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथं शोभामावशी म्हणून एक बाई साफसफाईला होत्या. त्यांनी आपली जुनी ओढणी खारीच्या अंगाखाली घातली होती. एकदा मी रडत होते तेव्हा त्या पिंजरा पुसत म्हणाल्या, "रडून काय करती? तिला भूक लागलीय, तू चमचा धर." मी चमचा धरला. त्या चार दिवसांत मला कुणी दिलेलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच.

पैशाचं आईनं पाहिलं, कसं ते मला माहीत आहे आणि मी लिहिणार नाही. काकू म्हणाल्या, "माणसांना रजा मिळंना, आन् मांजर अॅडमिट." आई म्हणाली, "व्हय, आमचं मांजर परमनंट हाय."

पप्पा आले नाहीत. सोमवारी संध्याकाळी मी त्यांना म्हणाले होते, "पाय काढावा लागला. हाड फारच चुरलं होतं म्हणे."

पप्पा हात धूत होते. नळ बंद न करता त्यांनी विचारलं, "चुरलं व्हतं?"

"हो."

"माज्या हाताला तर चुरा लागला न्हाई."

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. वीस वर्षं वस्तू चाचपून पाहणाऱ्या माणसाला मी हाडाबद्दल खोटं सांगितलं होतं. ते त्यांनी ओळखलं आणि मला पकडलं नाही.

घरी

घरी आल्यावर खारी आठवड्याभरात चालायला लागली. मांजरं जुळवून घेतात, असं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. पण एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. तिच्या डाव्या कानाला खाज सुटली की ती बसते, मान तिरकी करते, डोळे मिटते आणि नसलेल्या पायानं खाजवते. मांडीचा राहिलेला तुकडा भराभर हलतो. कानाला काही लागत नाही. ती थोडा वेळ वाट पाहते, मग पुन्हा हलवते.

पप्पांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जेवत होते. ताट सारून उठले. आई म्हणाली, "आवो, भात राहिला." ते म्हणाले, "पोट भरलं."

ते तिला हात लावत नव्हते. ती नेमकी त्यांच्याच पायांशी जायची. ते पाय बाजूला घ्यायचे. घरातलं टेपचं रीळ कुठं गेलं ते मी विचारलं नाही.

टाके

टाके काढायचा दिवस गुरुवारी आला. पप्पा म्हणाले, "मी येतो." आईनं माझ्याकडे पाहिलं. नको म्हणायला मला कारण सापडलं नाही.

दवाखान्यात पप्पा खुर्चीच्या कडेवर बसले, चपला बाहेर काढून. मी म्हणाले, "इथं चपला चालतात." ते तसेच बसले.

मॅडमनी टाके काढले. जखम छान भरली होती. हात धुता धुता त्या मला म्हणाल्या, "पुन्हा कधी कुणाला असं बांधू नकोस हं, कोमल."

"म्याडम," पप्पा म्हणाले. "पोरीनं न्हाई बांधलं. ते मी बांधलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. त्यांचा आवाज बदलला. त्यांनी फाईलमधून एक्स-रे काढला, उजेडाच्या काचेवर लावला आणि पप्पांना दाखवला. "काका, हे बघा. हाड तुम्ही अगदी सरळ बसवलं होतं."

पप्पा पुढं वाकले. बोट काचेजवळ नेलं, टेकवलं नाही. "चुरा न्हाईच ह्यात."

"नाही. स्वच्छ मोडलं होतं."

"मंग?"

"फक्त घट्ट झालं. पायाला सूज येते, तिला जागा लागते."

"आमच्यात जागा ठेवत न्हाईत," पप्पा म्हणाले. "जागा ऱ्हायली की माल वाजतो." मग विचारलं, "काय करायला पायजे व्हतं?"

"काहीच नाही. खोक्यात ठेवायचं आणि इथं आणायचं."

"एवडंच?"

"एवढंच."

"हे आमाला कसं कळावं?"

मॅडम समजावायला म्हणूनच म्हणाल्या, त्यांचा दोष नाही. "आता फोनवर सगळं असतं काका. घरी पट्टी बांधू नका, हे तर सगळीकडेच लिहिलेलं असतं."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खोकं उचललं, बाहेर आले, चपला घातल्या. बसथांब्यावर आम्ही शेजारी उभे राहिलो. एक बस आमची होती, ती गेली.

"त्या दिवशी तू फोनात वाचत व्हतीस," ते म्हणाले.

"हो."

"हे व्हतं त्यात?"

"होतं."

खोक्यात खारी भिंतीला नखं घासत होती. पप्पांनी खोकं या हातातून त्या हातात घेतलं.

"गोळीचं सांगितलंस. मी दिली का गोळी?"

"नाही."

"मंग हे का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही सगळं मांडून बसला होता," मी म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."



"मशीन आली तवा सायबाला बी आसंच वाटलं आसंल," ते म्हणाले. "काकांना वाईट वाटंल. म्हनून न्हाई सांगितलं. सकाळी गेलो तर माज्या टेबलावर मशीन. पोरं माज्याकडं बघंनात." मग म्हणाले, "शिकलेल्या लोकांना आमची लई काळजी."

हे ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पुढची बस आली, आम्ही चढलो. मला जागा मिळाली, मी त्यांना बसा म्हणाले, ते उभेच राहिले.

मी तोपर्यंत स्वतःला सांगत होते की मी मायेनं गप्प बसले. अजूनही कधीकधी सांगते. पण त्या मायेत मी आधीच ठरवून टाकलं होतं की या माणसाला खरं पेलणार नाही. साहेबानंही तेच ठरवलं होतं. खारीचा पाय टेपनं गेला हे खरं आहे. पण टेप बांधणाऱ्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

घरी आल्यावर पप्पांनी खोकं खाली ठेवलं. आईनं चहा टाकला. पप्पा जमिनीवर बसले, भिंतीला टेकून, आणि म्हणाले, "काड तो फोन."

"कशाला?"

"काय लिवलंय ते सगळं वाच. मराठीत सांग. मधलं गाळू नगं."

मी शोधून काढलं. ते पान तसंच होतं. मी एकेक वाक्य वाचायला लागले. पिल्लाला छोट्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, म्हणजे ते फार हलणार नाही. अंगात ऊब राहू द्या. पाय ओढून सरळ करायला जाऊ नका. खारी खोक्यातून बाहेर आली, पप्पांच्या पायाशी बसली, मान तिरकी केली आणि तिचा मांडीचा तुकडा भराभर हलायला लागला. पप्पा तिच्याकडे बघत होते.

मी थांबले.

"का थांबलीस?" पप्पा म्हणाले. "वाच पुढं."

पुढचं वाक्य होतं, घरी पट्टी बांधू नका. त्या गुरुवारीही मी याच वाक्याशी थांबले होते.